खोकल्याची वकिली

"साथ येवो नाहीतर भूकंप येवो, नत्थूजी, चंपतराव वकिलाची केस तारखेवर चालन म्हणजे चालन!"

चंपतराव वकिलांनी हे वाक्य छाती फुगवून, मान ताठ करून आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून उच्चारलं. मिटून, कारण ते उघडतच नव्हते! सकाळपासून त्यांचे मुन्शी नत्थूजी कोमट पाण्यात कापूस बुडवून साहेबांच्या पापण्या भिजवत होते, आणि पापण्या सरकारी लिफाफ्यासारख्या चिकटून बसल्या होत्या.

सन एकाहत्तरचा तो जून महिना. उन्हाळी सुट्टी संपून कोर्टं उघडली आणि त्याच आठवड्यात नागपुरात डोळ्यांची साथ आली. कोणी म्हणे समुद्रापलीकडून आली, कोणी म्हणे हावडा मेलमध्ये बसून आली. कशीही येवो, आली ती अशी आली की आठ दिवसांत अर्धं शहर लाल डोळ्यांनी रडू लागलं, आणि उरलेलं अर्धं शहर त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून विजेच्या खांबांवर आपटू लागलं. कारण एक गोष्ट प्रत्येकाला पक्की ठाऊक होती. डोळ्यात डोळा घातला की रोग लागतो! डॉक्टर बिचारे ओरडून सांगत होते की बाबांनो, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. लोक हात धूत नव्हते, टॉवेलही एकच होता. काळा चष्मा मात्र सगळ्यांनी घेतला. बर्डीच्या बाजारातल्या फूटपाथवर काळ्या चष्म्यांचे ढीग सकाळी लागायचे आणि दुपारी संपायचे. भाजीवाली काळ्या चष्म्यात, सायकलरिक्षावाला काळ्या चष्म्यात. महाल भागातल्या एका लग्नात तर अंतरपाट दूर झाल्याबरोबर नवरा-नवरीनं दोन दिशांना तोंडं फिरवली, आणि म्हातारी माणसं म्हणाली, एवढ्या लवकर?

शाळा बंद झाल्या. कोर्ट मात्र बंद झालं नाही.

चंपतरावांनी धंतोलीतल्या आपल्या ऑफिसात साथीचा कडक बंदोबस्त केला होता. पक्षकारानं खुर्ची उलटी करून साहेबांकडे पाठ करून बसायचं आणि आपलं दुःख भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचं. कागद नत्थूजींनी स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं उचलायचे. सहीचा टाक आधी कडुलिंबाच्या पाण्यात आणि मग शाईत बुडवायचा. एका म्हाताऱ्या पक्षकाराला तर काहीच दिसत नव्हतं. त्यानं वकालतनाम्यावरची सही नत्थूजींच्या धोतरावर केली! ते धोतर फाईलला जोडता येईल काय, यावर साहेबांनी पाच मिनिटं खरोखर विचार केला. ती पाच मिनिटं नत्थूजींनी धोतर दोन्ही हातांनी धरून काढली.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. चंपतरावांची सगळी वकिली त्यांच्या डोळ्यांत होती! कायदा त्यांना यायचा तेवढा यायचा. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि साहेबांच्या भुवया कामाला लागायच्या. डावी भुवई वर गेली की म्हणायचं 'होय'. उजवी गेली की 'नाही'. दोन्ही डोळे मिटले की 'आठवत नाही'. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. आता त्या भुवयांवर बशीएवढा काळा चष्मा बसला. सोमवारीच एका केसमध्ये साहेबांनी चष्म्याआड डावी भुवई उचलून उचलून कपाळ दुखवून घेतलं, आणि साक्षीदार त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघून भांग नीट करत राहिला.

"म्हणून म्हणतो, नत्थूजी," डोळे मिटलेल्या अवस्थेतच चंपतराव म्हणाले, "जमाना बदलला. वकिलानंही बदलाले पायजे. आता डोळे बंद, खोकला सुरू!"

"खोकला?"

"एकदा खोकललो तं 'होय'. दोनदा खोकललो तं 'नाही'. नुसता खाकरलो तं 'आठवत नाही'. काय म्हणता?"

नत्थूजींनी कापूस पुन्हा पाण्यात बुडवला. ते जन्मानं घाबरट आणि सवयीनं निराश होते. घरून निघतानाच दिवस वाया गेला असं धरून ते निघत, म्हणजे संध्याकाळी धक्का बसत नसे. त्यांनी कापूस पिळला आणि हळूच विचारलं, "अन् साहेब, दुसराच कोणी खोकलला तं?"

"काहून खोकलन? डोळ्याची साथ हाय, नत्थूजी, खोकल्याची नाही! सारं नागपूर डोळे चोळून राहिलं. खोकलून कोण राहिलं? सांगा न! हाय एखादा?"

नत्थूजींनी खरोखरच आठवून पाहिलं. एकही नव्हता.

खरं सांगायचं तर इतर कोणत्याही केसमध्ये नत्थूजींनी मान डोलावली असती आणि घरी गेले असते. पण शुक्रवारी केस होती गोपिकाबाईची. ती हरू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीस वर्षांत असं वाटण्याची त्यांची ही तिसरी वेळ, आणि आधीच्या दोन्ही वेळा केस हरली होती.

गोपिकाबाई महालात राहत असे. विधवा बाई, पापड-कुरडया करून पोट भरणारी. तिचं दोन खोल्यांचं घर मागे आणि तिच्या चुलतदिराचं, देवरावचं, घर पुढे. रस्त्यावर यायला देवरावच्या घराच्या बाजूनं एक बोळ होती, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागेल एवढी. बाकी तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती. नळ रस्त्यावर, बाजार रस्त्यावर, पापड लाटायला येणाऱ्या बाया रस्त्यावरून यायच्या. आणि देवराव म्हणत होता की बोळ माझी आहे, तिथून कोणी कधी गेलंच नाही, मी तिथं भिंत घालणार! कोर्टानं भिंत तात्पुरती थांबवली होती. आता गोपिकाबाईला एवढंच सिद्ध करायचं होतं की वीस वर्षांहून जास्त काळ ती आणि तिच्या घरचे त्याच बोळीतून जातात-येतात. जिंकली तर बोळ कायमची मोकळी. हरली तर घर म्हणजे झाकण लावलेला डबा!

"मुन्शीजी," ती प्रत्येक तारखेला नत्थूजींना विचारायची, "मी काय पाखरू हावो का जी? उडून जाऊ का घरात?"

तिचा एकच साक्षीदार होता, रुपराव गवळी. पण काय साक्षीदार होता! साहेबांनी त्याला तालमीसाठी ऑफिसात बोलावलं, कॅलेंडरकडे तोंड करून बसवलं आणि विचारलं, "रुपराव, त्या बोळीतून किती वर्षांपासून जाऊन राहिले तुम्ही?"

"पंचवीस वर्षं झाले न जी," रुपराव कॅलेंडरला म्हणाला. "माह्या लगनाच्या साली गोपिकाबाईकडं दूध सुरू केलं. तवा बोळीच्या तोंडाशी निंबाचं झाड होतं. देवरावच्या बापानं ते तोडलं अन् त्याचा दिवाण केला. त्याच दिवाणावर देवराव आजबी लोळते अन् म्हणते, बोळीतून कोणी जात नाही! अरे, रोज सकाळी मले पाहून 'रुपराव, दुधात पाणी कमी टाक गा' म्हणून कोण ओरडते मंग?"

नत्थूजींच्या अंगावर काटा आला. असा साक्षीदार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सत्य त्याच्या तोंडून भरल्या चरवीतल्या दुधासारखं सांडत होतं!

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "याले काही शिकवू नका. जसं बोलून राहिला तसंच बोलू द्या. खरं हाय ते!"

"खरं हाय म्हणूनच शिकवा लागते!" साहेब गरजले. "खोटा साक्षीदार घरून तयार होऊन येते. खऱ्याले वाटते आपल्याले काय भेव! अन् समोर भैयाजी वकील हाय, भैयाजी! उलटतपासणीत हत्तीले बकरी म्हणाले लावते तो! रुपराव, ध्यान देऊन ऐका. भैयाजी इचारन तवा तुम्ही आपल्या मनानं एक शब्द बोलाचा नाही. फक्त माह्या खोकल्याकडं कान ठेवाचा."

"पण साहेब, मले तं सारं ठावं हाय…"

साहेब खाकरले.

"आठवत नाही जी," रुपराव म्हणाला.

"शाब्बास!"

तीन दिवस तालीम चालली. रुपराव साधा, आज्ञाधारक माणूस. म्हशीला जे एकदा सांगितलं ते ती विसरत नाही, आणि रुपराव तिच्याबरोबर पंचवीस वर्षं राहिलेला. गुरुवारी तो काळजीत पडूनच आला.

"मुन्शीजी, सकाळी माह्या बायकोले फोडणीचा ठसका लागला. दोनदा खोकलली. माह्या तोंडातून गेलं 'नाही'! तिनं इचारलं, काय नाही? अन् ती खाकरली. मी म्हटलं, आठवत नाही! आता ती माह्याशी बोलून नाही राहिली."

"पाहा! तयार झाला गडी!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. नत्थूजींनी मात्र मनातल्या मनात शुक्रवारचा दिवस वाया गेला असं धरून टाकलं. पण या वेळी धरूनही बरं वाटेना.

शुक्रवार उजाडला.

कोर्टाचे जजसाहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले, अतिशय सज्जन आणि साथीला अतिशय भिणारे. त्यांनीही आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. दारावर पाटी होती: 'कोणीही कोणाच्याही डोळ्यांत पाहू नये. हुकुमावरून.' जजसाहेब काळ्या चष्म्यात, टायपिस्ट काळ्या चष्म्यात, दोन्ही वकील काळ्या चष्म्यात. काळ्या कोटांवर काळे चष्मे! आंधळ्यांच्या शाळेत शोकसभा भरावी तसं ते कोर्ट दिसत होतं. चंपतराव आत येताच चुकून देवरावच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबराचं नाही, आपण जिंकलोच समजा!" देवराव म्हणाला, "तुमच्या तोंडात साखर पडो, वकीलसाहेब." नत्थूजींनी साहेबांना दंडाला धरून योग्य बाकावर आणलं.

दुसरा हुकूम त्याहून भारी होता. साक्षीदाराचा पिंजरा फिरवून ठेवला होता. साक्षीदारानं कोर्टाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून साक्ष द्यायची!

"हे तं आपल्याच फायद्याचं," चंपतराव कुजबुजले. "पाहून काय करते तो? त्याले तं फक्त ऐकाचं हाय!"

पुकारा झाला. रुपराव पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागून त्याची फक्त टोपी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कान दिसत होते. ते कान सशासारखे उभे आहेत असं नत्थूजींना वाटलं.

चंपतरावांनी सुरुवात केली. "तुम्ही गोपिकाबाईकडं दूध घालता?" आणि एक खणखणीत खोकला.

"होय!"

"कुठून जाता?"

"बोळीतून जी."

"किती वर्षं?"

"पंचवीस!"

टायपिस्टची टकटक झाली. मागच्या बाकावर बसलेल्या गोपिकाबाईनं काळा चष्मा वर करून डोळ्याला पदर लावला. नत्थूजींच्या छातीतला दगड दोन इंच खाली सरकला. चंपतरावांनी झाडाबद्दल विचारलंच नाही, दिवाणाबद्दल विचारलंच नाही. "पुरे हाय," असं म्हणून ते बसले.

भैयाजी वकील उठले. आणि त्याच क्षणी मागचं दार उघडून कोर्टाचा चपराशी बळीराम आत आला. त्याच्या हातात होतं घमेलं. घमेल्यात निखारे. निखाऱ्यांवर कडुलिंबाचा ओला पाला, आणि त्यावर मूठभर गंधक!

हा जजसाहेबांचा तिसरा हुकूम. दर तासाला कोर्टात धूर करायचा, म्हणजे जंतू मरतात. या हुकुमाची पाटी लावलेली नव्हती, आणि दोन दिवस काम नसल्यामुळे नत्थूजी तिकडे फिरकले नव्हते.

बळीरामनं घमेलं बरोबर मधोमध ठेवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. हिरवा-पिवळा धूर अजगरासारखा उठला, आधी वकिलांना वेढा घातला, मग टायपिस्टला, आणि मग सावकाश जजसाहेबांच्या खुर्चीवर चढला.

"तुमचं नाव रुपराव ना?" भैयाजींनी सोपा प्रश्न टाकला.

टायपिस्ट दोनदा खोकलला.

"नाही!" भिंतीकडून ठाम उत्तर आलं.

"नाही? मग कोण तुम्ही?"

जजसाहेब खाकरले.

"आठवत नाही जी."

भैयाजी तीस वर्षं साक्षीदार फोडत आले होते, पण इतक्या लवकर फुटलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरे भाई, तुम्ही दूध घालता म्हणालात ना आत्ता?"

बळीराम एकदा खोकलला.

"होय."

देवराव दोनदा खोकलला.

"नाही."

मागच्या बाकावर गोपिकाबाईलाच ठसका लागला. तिनं तोंडात पदर कोंबला, तरी एक खोकला निसटलाच.

"होय!"

"एक काय ते सांगा!" जजसाहेब ओरडले आणि ओरडल्यामुळे त्यांच्या घशात धूर गेला.

"नाही! होय! नाही! आठवत नाही जी!" रुपरावच्या मानेवरून घाम ओघळत होता. भिंतीकडे तोंड केलेला तो प्रामाणिक माणूस जीव तोडून प्रत्येक खोकल्याला न्याय देत होता! एकही खोकला वाया जाऊ देत नव्हता!

चंपतराव उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं की खोकला येणार हे त्यांना कळत होतं. त्यांनी हातरुमाल दातांत धरला. चेहरा आधी लाल झाला, मग वांग्याच्या रंगाचा झाला. चष्म्याखालून घळाघळा पाणी वाहू लागलं.

भैयाजी काय समजायचं ते समजले नव्हते, पण फळ पिकलेलं आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी शेवटचा प्रश्न अगदी हळू, एक एक शब्द मोजून विचारला.

"गेल्या वीस वर्षांत गोपिकाबाई किंवा तिच्या घरचं कोणीही त्या बोळीतून ये-जा करताना तुम्ही स्वतः पाहिलं आहे काय?"

हाच तो प्रश्न! सगळी केस या एका उत्तरावर होती. आणि चमत्कार असा की त्याच वेळी सगळं कोर्ट दम घ्यायला थांबलं. कोणीच खोकललं नाही. फक्त निखाऱ्याचा बारीक चुरचुर आवाज. चंपतरावांनी तोंडातला रुमाल काढला, छाती भरून घेतली आणि एकच, खणखणीत, पूर्वीच्या वैभवाला शोभेल असा खोकला काढला.

रुपरावनं तोंड उघडलं.

आणि आता दुसरा खोकला होता कामा नये म्हणून, केवळ गोपिकाबाईच्या भल्यासाठी, नत्थूजी उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबांना न विचारता काहीतरी केलं. दाराशी पाण्याचा माठ होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि घमेल्यात पालथा केला!

फस्स्स!

तुम्ही कधी गंधक, ओला पाला आणि निखारे यांच्यावर माठभर पाणी ओतलं आहे काय? ओतू नका. राखेचा आणि वाफेचा जो ढग उठला त्यात आधी बळीराम नाहीसा झाला, मग भैयाजी, मग न्यायासन. आणि त्या ढगातून खोकल्यांचा असा कडकडाट सुरू झाला की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. जज खोकलले, वकील खोकलले, वादी-प्रतिवादी खोकलले, दारातून डोकावणारे दुसऱ्या केसचे पक्षकार खोकलले!

हळूहळू ढग खाली बसला. आणि त्या शांततेत भिंतीकडून रुपरावचा रडवेला आवाज आला.

"वकीलसाहेब, एक म्हंजे होय, दोन म्हंजे नाही, ते पाठ हाय माह्यावालं. पण हे सतरा झाले न जी. सतराले काय म्हणाचं?"

जजसाहेबांनी सावकाश आपला काळा चष्मा काढला. कोणीही कोणाच्याही डोळ्यांत पाहू नये असा त्यांचाच हुकूम होता, पण त्यांनी चंपतरावांच्या चष्म्यात थेट पाहिलं.

"टायपिस्ट," ते म्हणाले, "साक्षीदाराचा हा प्रश्न शब्दशः लिहून घ्या."

टकटक, टकटक, टक. नत्थूजी रिकामा माठ छातीशी धरून उभे होते. उभ्या जन्मात त्यांना टाईपरायटरचा आवाज इतका लांब वाटला नव्हता.

बाहेर झाडाखाली रुपरावला घेरून माणसं उभी राहिली. तिथं तो नीट श्वास घेऊन सगळं सांगत होता: लगनाचं साल, निंबाचं झाड, झाडाचा दिवाण, गोपिकाबाईच्या नवऱ्याला याच बोळीतून तापात खाटेवर घालून मेडिकलच्या दवाखान्यात नेलं तो दिवस, वार, सगळं! खाटेचा पुढचा पाय कोणी धरला होता तेही त्यानं सांगितलं. तो देवरावनंच धरला होता. देवराव मागेच विडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "हो न. खरं हाय ते. भारी वजन होतं दादाचं." भैयाजी वकीलही ऐकत होते. त्यांनी कौतुकानं मान हलवली. "वा! काय साक्षीदार आहे! आत काहून नाही बोलला हा?"

नत्थूजी जवळ जाऊन म्हणाले, "चूप बस रे बाबा आता."

"काहून जी? आता तं कोणी खोकलून नाही राहिलं!"

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तोपर्यंत साथ ओसरली होती, चंपतरावांचे डोळे उघडले होते आणि भुवया पूर्ववत कामाला लागल्या होत्या. निकालात लिहिलं होतं की वादीचा एकमेव साक्षीदार स्वतःच्या नावाबद्दलदेखील निश्चित सांगू शकत नाही, दावा खारीज. तात्पुरती मनाई उठली. देवरावनं पाच दिवसांत भिंत बांधली.

"अपील करू!" चंपतराव म्हणाले. "अपिलात साक्षीदार लागतच नाही, नत्थूजी! तिथं नुसते कागद बोलते! जा, गोपिकाबाईची सही घेऊन या."

नत्थूजी कागद घेऊन महालात गेले. बोळीच्या तोंडाशी नवीकोरी भिंत उभी होती, सिमेंट अजून ओलसर. त्यांनी हाक मारली, "गोपिकाबाई!"

"या न, मुन्शीजी!" भिंतीपलीकडून आवाज आला. "तिथं बांबूची शिडी लावून हाय पाहा. इकडूनबी एक हाय."

नत्थूजींनी धोतर खोचलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर शिडी डुगडुगली. तेवढ्यात देवराव आपल्या घरातून लगबगीनं बाहेर आला आणि त्यानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"दमानं चढा, मुन्शीजी. पडले-गिडले तं तुमचे साहेब माह्यावर आणखीन एक केस ठोकतीन."

नत्थूजी चढले. भिंतीवर एक पाय इकडे आणि एक तिकडे टाकून बसले, कारण पुढे उतरायचा धीर होईना. खाली इकडे रुपराव दुधाची चरवी दोरीला बांधत होता. तिकडे गोपिकाबाई पापडाचं पीठ मळता मळता उठून शिडीवर दोन पायऱ्या चढली. तिनं हात पदराला पुसून कागद घेतला, भिंतीवर टेकवला आणि सही केली. नत्थूजींकडे तिनं रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पाहिलंच नाही.

"किती दिवस लागतीन जी याले?"

खोटं बोलावं असं नत्थूजींना फार वाटलं. पण भिंतीवर बसून खोटं बोलायला तोल लागतो. "पाच वर्षं," ते म्हणाले. "सहा धरा. सातबी लागतीन."

गोपिकाबाईनं आपल्या पायाखालची बांबूची पायरी एकदा हलवून पाहिली. सुतळी सैल झाली होती. मग तिनं भिंतीपलीकडे आवाज दिला.

"रुपराव, हाय का गा तिकडं?"

"हो न, बाई!"

"त्या सुताराकडून जाशीन तवा सांगजो त्याले. बांबूची नाही चालणार म्हणा. दोन्ही शिड्या सागवानाच्या कर म्हणा."

"सांगतो, बाई."

"अन् वैनी," शिडी धरल्याधरल्याच देवराव आपुलकीनं म्हणाला, "मापाची घाई नका करू म्हणा त्याले. भिंत अजून दोन फूट वर न्याची हाय."